‘स्टॉक’ या शब्दाची किंमत : कारखान्यातून आलेल्या शर्यतीच्या गाड्या आणि इतिहासाची उलटतपासणी

१/
अमेरिकेच्या ड्रॅग रेसिंगमध्ये २००८पासून एक वाद धुमसतो आहे. मोटार कंपन्यांनी केवळ शर्यतीसाठी बांधलेल्या आणि रस्त्यावर धावण्याची नोंदणीच न होणाऱ्या गाड्यांना ‘स्टॉक’ वर्गात उतरू द्यावे काय? या गाड्यांचे कैवारी इतिहासाचा दाखला देतात : साठच्या दशकातही हेच चालत होते, मग आजच ओरड कशाला? या धाग्यात त्या दाखल्याची उलटतपासणी आहे. निष्कर्ष आरंभीच सांगितलेला बरा. कैवाऱ्यांनी बोलावलेला हा साक्षीदार त्यांच्याच विरुद्ध बोलतो.

२/
प्रथम खेळाची तोंडओळख. दोन गाड्या, सरळ पट्टा, पाव मैल अंतर, म्हणजे १३२० फूट किंवा सुमारे ४०२ मीटर. दिव्यांच्या खांबावर हिरवा दिवा लागला की सुटायचे आणि आधी रेषा ओलांडायची. खेळ एवढा साधा असल्यामुळे सगळा वाद एकाच प्रश्नावर येऊन थांबतो : कोणती गाडी कोणत्या गाडीसमोर उभी करायची? ड्रॅग रेसिंगचा नियमग्रंथ म्हणजे वस्तुतः या एका प्रश्नाचे वर्षानुवर्षे लांबत गेलेले उत्तर आहे.

३/
१९५१ साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए, स्थापन केली. पार्क्स तेव्हा ‘हॉट रॉड’ मासिकाचे संपादक होते. रस्त्यांवर जिवावर बेतणाऱ्या शर्यती लावणाऱ्या तरुणांना नियमांच्या आणि सुरक्षिततेच्या चौकटीत आणणे हा संस्थेचा हेतू. या चौकटीतील सर्वांत लोकाभिमुख कोपरा म्हणजे स्टॉक वर्ग. इंग्रजीत ‘स्टॉक’ म्हणजे दुकानात विक्रीस ठेवलेला माल. ज्या गाडीने माणूस आठवडाभर कामावर जातो, तीच गाडी रविवारी पट्ट्यावर उतरवता यावी, असे आश्वासन त्या एका शब्दात होते.

४/
पण दुकानातील सगळा माल सारखा नसतो, म्हणून पोटवर्ग आले. त्यांचा हिशेब गाडीचे वजन भागिले इंजिनाची अश्वशक्ती असा. ३४०० पौंडांची गाडी आणि कागदावर ३४० अश्वशक्ती, तर एका अश्वशक्तीमागे १० पौंड. हेच इंजिन कंपनीने कागदावर ३०० अश्वशक्तीचे दाखवले तर भागाकार ११.३३ येतो आणि गाडी अधिक संथ गाड्यांच्या वर्गात जाऊन बसते. गाडीतला एक स्क्रूही न हलवता प्रतिस्पर्धी बदलतात.

५/
म्हणजे या किल्ल्याला दोन चोरदरवाजे होते. पहिला : किती गाड्या बांधल्या म्हणजे तो ‘दुकानातला माल’ ठरतो? दुसरा : इंजिनाची ताकद कागदावर किती लिहिली? गेल्या साठ वर्षांतील बहुतेक सर्व भांडणे या दोहोंपैकी एका दरवाजातून आत आलेली आहेत. आजचा वाद वेगळा वाटतो, याचे कारण इतकेच की या वेळी दोन्ही दरवाजे एकदम उघडले गेले.

६/
१९५७ साली अमेरिकन मोटार उत्पादकांच्या संघटनेने शर्यतींपासून दूर राहण्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. रविवारी जिंकलेली गाडी सोमवारी विकली जाते, हे विक्रेत्यांना ठाऊक होते. कंपन्या मागील दाराने सुटे भाग, अभियंते आणि पैसा पुरवत राहिल्या. जून १९६२मध्ये हेन्री फोर्ड दुसरे यांनी तो ठराव उघडपणे झुगारला. त्यानंतरची दोन-तीन वर्षे डेट्रॉईटचे कारखाने आणि एनएचआरएचे नियमकर्ते यांच्यात चाललेला बुद्धिबळाचा डाव म्हणून वाचण्याजोगी आहेत.

७/
या डावातील नियमकर्त्यांची सर्वांत शहाणी चाल फोर्डच्या घोषणेच्याही आधीची आहे. कंपन्या शक्तिशाली इंजिनांचे भाग गाडीत न बसवता वेगळे विकू लागल्या, तेव्हा १९६१मध्ये ‘ऑप्शनल सुपर स्टॉक’ हा वर्ग आला. १९६२मध्ये त्यापुढची पायरी आली : ‘फॅक्टरी एक्सपरिमेंटल’, संक्षेपाने एफएक्स. व्याख्या सरळ होती. भाग सगळे कारखान्याचे, परंतु त्यांची अशी जुळणी शोरूममध्ये विकली जात नाही, अशा गाड्यांचा हा वर्ग. पाँटिॲकच्या छोट्या टेम्पेस्टमध्ये ४२१ घन इंचांचे दांडगे इंजिन बसवलेली गाडी हे त्याचे गाजलेले उदाहरण.

८/
ही व्याख्या नीट लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे. नियमकर्त्यांनी त्या टेम्पेस्टला हाकलून दिले नाही. तिला फसवेगिरी म्हटले नाही. ‘तू कारखान्याची आहेस, पण दुकानातली नाहीस’ असे म्हणून तिला तिच्यासारख्यांच्या पंगतीत बसवले. कारखाना आणि दुकान या दोन शब्दांतील अंतर १९६२ साली इतके स्पष्ट होते. आजचे कैवारी नेमके हेच अंतर पुसतात आणि वर त्याला परंपरा म्हणतात.

९/
१९६३ : पाँटिॲकने सुपर ड्यूटी कॅटलिना गाडीच्या सांगाड्याच्या तुळयांना भोके पाडून वजन उतरवले. सांगाडा चाळणीसारखा दिसू लागला, म्हणून गाडीचे टोपणनाव पडले ‘स्विस चीज’. अशा गाड्या बनल्या केवळ १४. चौदा गाड्यांना दुकानातला माल म्हणणे म्हणजे देवळातल्या प्रसादाला किराणा म्हणण्यासारखे. त्याच जानेवारीत जनरल मोटर्सने आपल्या सर्व विभागांना शर्यतींतून बाहेर पडण्याचा आदेश दिला आणि मैदान फोर्ड व क्रायस्लर यांच्यासाठी मोकळे झाले.

१०/
१९६४ : फोर्डची थंडरबोल्ट. मध्यम आकाराच्या फेअरलेनमध्ये ४२७ घन इंचांचे इंजिन कोंबलेले. गाड्यांचे रूपांतर डिअरबॉर्न स्टील ट्यूबिंग या बाहेरच्या कंपनीने केले. पुढचे फेंडर आणि बॉनेट फायबरग्लासचे, खिडक्यांत काचेऐवजी प्लेक्सिग्लास, बॅटरी मागच्या डिकीत, आतल्या बाजूचे दोन हेडलाइट काढून त्या जागी इंजिनाला हवा पुरवणाऱ्या नळ्या. एकूण सुमारे १०० गाड्या. हा आकडा ग्राहकांच्या मागणीतून आलेला नव्हता. सुपर स्टॉकमध्ये प्रवेश मिळवण्यापुरत्या तेवढ्या बांधल्या गेल्या.

११/
थंडरबोल्टच्या ग्लोव्ह बॉक्सवर एक पट्टी असे. तिचा आशय असा : ही गाडी स्पर्धेसाठी खास हलकी बांधलेली आहे, त्यामुळे बाह्य पत्र्यांची जुळणी आणि पृष्ठभागाची सफाई यांबाबत फोर्ड कंपनीची नेहमीची गुणवत्ता हिच्यात आढळणार नाही. मोटार इतिहासातील इतका प्रामाणिक कबुलीजबाब विरळा. उत्पादकच ग्राहकाला लेखी बजावतो की ही आमची नेहमीची प्रत नव्हे. मग स्पर्धेच्या दारात तिला नेहमीची प्रत कोणत्या तोंडाने म्हणायचे?

१२/
येथे कैवारी टाळी वाजवतील : ‘पाहा, १९६४ सालीही हेच!’ पण दोन गोष्टी ते गाळतात. एक, थंडरबोल्ट कितीही ओबडधोबड असली तरी तिला नंबरप्लेट लावून रस्त्यावर आणता येत होते. दोन, तिला मिळाला तो सुपर स्टॉक हा स्टॉक परिवारातील सर्वांत वेगवान वर्ग. शेजारच्या सहासिलिंडरच्या फेअरलेनसमोर तिला कोणी उभे केले नाही. कंपनीने नियम ताणला हे खरे. नियमकर्त्यांनी ताणलेल्या जागेला वेगळे नाव दिले, हेही तितकेच खरे.

१३/
१९६५ : क्रायस्लरने आपल्या काही गाड्यांची चाकेच पुढे सरकवली, मागचा आस सुमारे १५ इंच आणि पुढचा १० इंच, जेणेकरून सुटताना भार मागच्या चाकांवर पडावा. गाड्या विचित्र दिसू लागल्या. एनएचआरएने त्यांना एफएक्स वर्गातही घेतले नाही. त्या इतर संघटनांच्या स्पर्धांत आणि जोडी लावून केलेल्या प्रदर्शनी शर्यतींत धावल्या. प्रेक्षक लोटले आणि त्या विचित्रपणातून ‘फनी कार’ नावाचा संपूर्ण नवा वर्ग जन्माला आला. वेगळी पंगत मिळाल्याने त्या गाड्यांचे काही बिघडले नाही. उलट त्यांचे कल्याण झाले.

१४/
१९६८ : कैवाऱ्यांचा लाडका पुरावा, फोर्डची कोब्रा जेट मस्टँग. ४२८ घन इंचांचे इंजिन, पोमोना येथील विंटरनॅशनल्स स्पर्धेत अल जोनिएकने मिळवलेला सुपर स्टॉकचा विजय, आणि रोड आयलंडचे विक्रेते बॉब टास्का यांनी त्याआधी लावून धरलेली मागणी. आरंभीच्या सुमारे ५० गाड्या ड्रॅग रेसिंगसाठी होत्या, हे खरे. परंतु त्यानंतर त्याच वसंतात कोब्रा जेट हे इंजिन सामान्य ग्राहकाला शोरूममध्ये मागता येऊ लागले. त्याने ती गाडी घेऊन बाजारहाट करावा, मुलांना शाळेत सोडावे, कोणाची हरकत नव्हती.

१५/
कोब्रा जेटचे पाप निराळे होते. जाहिरातीत अश्वशक्ती लिहिली ३३५. इंजिनाची खरी ताकद ४००च्या पुढे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण येथे उलटी वाचावी : हातात सोन्याचे कडे आणि नाव कथलाबाई! विम्याचे हप्ते आणि स्पर्धेचा वर्ग, दोन्हीकडे कमी आकडा सोयीचा. असे प्रकार इतके वाढले की एनएचआरएने कंपन्यांच्या जाहिराती प्रमाण मानणे सोडले आणि स्वतःचे अश्वशक्तीचे आकडे ठरवायला सुरुवात केली. लबाडी खपवून घेणे ही परंपरा नव्हे. लबाडी दुरुस्त करणे ही परंपरा आहे.

१६/
त्याच १९६८ साली हर्स्ट कंपनीने क्रायस्लरसाठी डॉज डार्ट आणि प्लिमथ बॅराकुडा या लहान गाड्यांत ४२६ घन इंचांचे हेमी इंजिन बसवले. दोन्ही मिळून सुमारे दीडशे गाड्या. रंग न देताच त्या ग्राहकाच्या हाती पडत. पत्र्यावर प्रायमर, फायबरग्लासवर काळा थर. ही गाडी सार्वजनिक रस्त्यांसाठी नसून देखरेखीखालील स्पर्धांसाठी आहे, आणि जशी आहे तशी विकली जात आहे, अशी सूचना तिच्यावर असे. २००८नंतरच्या गाड्यांची खरी आजी शोधायची तर ती येथे सापडते.

१७/
मग त्या आजीला कोठे बसवले गेले? सुपर स्टॉकमध्ये, जो तोवर स्टॉकपासून वेगळा झाला होता. आणि पुढे? हेमी डार्ट आणि हेमी बॅराकुडा यांच्यासाठी एनएचआरएच्या नियमांत एसएस/एएच हा खास वर्ग राखून ठेवण्यात आला. इंडियानापोलिसच्या यूएस नॅशनल्स स्पर्धेत त्यांची आपसांतील झुंज पाहायला आजही गर्दी जमते. ज्या गाडीचा दाखला सर्वाधिक दिला जातो, तीच गाडी स्वतःच्या वेगळ्या वर्गात धावते. दाखला देणाऱ्यांनी निदान एवढे तरी पाहायला हवे होते.

१८/
१९६९ : शेवरलेची कोपो कॅमारो. ‘सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर’ ही मुळात टॅक्सी, पोलिसांच्या गाड्या, मालवाहू ताफे यांसाठीची मागणी-पद्धत. इलिनॉय राज्यातील ला हार्प या छोट्या गावचे विक्रेते फ्रेड गिब यांनी ती वापरून ४२७ घन इंचांचे संपूर्ण ॲल्युमिनियमचे झेडएल-१ इंजिन बसवलेल्या ५० कॅमारो मागवल्या, कारण सुपर स्टॉकसाठी किमान ५० गाड्यांची अट होती. इतर विक्रेत्यांसह एकूण ६९ बनल्या. किंमत ७,००० डॉलरच्या वर, साध्या कॅमारोच्या दुपटीहून अधिक.

१९/
पुढचा भाग कैवारी सांगत नाहीत. एवढ्या महाग गाड्या गिब यांच्याकडे खपल्या नाहीत. बऱ्याच परत गेल्या आणि देशभरच्या इतर विक्रेत्यांकडे वाटल्या गेल्या. काही दीर्घ काळ पडून राहिल्या. हीच ती कसोटी! दुकानात धूळ खात पडून राहण्याची शक्यता ज्याला आहे, तो दुकानातला माल. झेडएल-१ कॅमारोला नंबरप्लेट मिळत होती, विक्रेत्याचे पैसे अडकत होते, रस्त्याने जाणारा कोणीही आत शिरून किंमत विचारू शकत होता. ती गाडी विक्षिप्त होती, महाग होती, पण स्टॉक या शब्दाशी बेइमान नव्हती.

२०/
१९७० : सुपर स्टॉकच्या गाड्या आता अंतराची सवलत न घेता बरोबरीने सुटण्याची मागणी करू लागल्या होत्या. एनएचआरएने ‘प्रो स्टॉक’ हा व्यावसायिक वर्ग उघडला. पोमोनाची पहिली स्पर्धा बिल जेनकिन्स यांनी कॅमारोवर जिंकली. आता दहा वर्षांचा ताळेबंद मांडावा. १९६१चा ऑप्शनल सुपर स्टॉक, १९६२चा एफएक्स, फनी कार, १९७०चा प्रो स्टॉक. कारखान्याची गाडी दुकानाच्या मर्यादेबाहेर गेली की तिला नवे दार, हा क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. यालाच परंपरा म्हणतात.

२१/
सत्तरच्या दशकात १९७०चा स्वच्छ हवा कायदा, वाढते विमा हप्ते आणि १९७३चे तेलसंकट यांनी डेट्रॉईटच्या दांडग्या गाड्यांचा काळ संपवला. कारखान्यांचे लक्ष उडाले, पण स्टॉक वर्ग मेला नाही. तो गॅरेजांत जगला. जुनी गाडी, घरच्या घरी उघडलेले इंजिन, ट्रेलर ओढणारी बायको, वेळा टिपणारा मुलगा. एकच गाडी दहा-वीस वर्षे जपायची, तिच्यातून सेकंदाचा शंभरावा भाग काढायचा. कंपन्यांनी टाकून दिलेले घर या माणसांनी शेणसारवण करून राहते ठेवले, हे विसरून या वादात एक पाऊलही पुढे टाकता येत नाही.

२२/
२००८ साली कंपन्या परतल्या. मूळ कोब्रा जेटच्या चाळिसाव्या वर्षाचे निमित्त साधून फोर्डने नव्या कोब्रा जेट मस्टँग बांधल्या. किती? बरोबर ५०. सुपरचार्जर बसवलेले इंजिन, शर्यतीची तयारी कारखान्यातच, आणि रस्त्यासाठी नोंदणीची सोय नाही. डॉजने चॅलेंजर ड्रॅग पॅक आणली. ५० हा आकडा १९६९ साली एका छोट्या गावच्या विक्रेत्याची मान अडकवणारी अट होता. २००८मध्ये तो केवळ प्रवेशपत्रिकेवरचा शिक्का उरला.

२३/
पुढची पावले अधिक बोलकी आहेत. २०११च्या ड्रॅग पॅक चॅलेंजरमध्ये वायपरचे व्ही-१० इंजिन आले. शोरूममधल्या चॅलेंजरला ते कधीच मिळाले नाही. २०१२मध्ये शेवरलेने कोपो हे नाव पुन्हा काढले आणि जुन्या आकड्याची आठवण म्हणून ६९ गाड्या बांधल्या. इंजिने ४२७ आणि सुपरचार्जरसह ३२७ घन इंचांची. त्या वर्षीच्या शोरूममधील कॅमारोत यांपैकी एकही मिळत नव्हते. शोरूमच्या गाडीला मागे स्वतंत्र सस्पेंशन, कोपोला अखंड आस. ज्याने शोरूममधून कॅमारो घेतली, त्याची गाडी आणि ही गाडी यांच्यात सामाईक काय? मुख्यतः नाव आणि कवच.

२४/
आता १९६२ची व्याख्या पुन्हा वाचावी. भाग कारखान्याचे, पण जुळणी शोरूममध्ये न विकलेली : फॅक्टरी एक्सपरिमेंटल. चॅलेंजरच्या पोटातले वायपरचे इंजिन आणि टेम्पेस्टच्या पोटातले ४२१ यांत तत्त्वतः कोणता फरक आहे? १९६२च्या कारकुनाने ही गाडी पाहताच तिच्यावर एफएक्सची चिठ्ठी चिकटवली असती आणि पुढच्या गाडीला हाक मारली असती. पन्नास वर्षांनंतरच्या नियमकर्त्यांनी तिला स्टॉकच्या अक्षरवर्गांत सोडले. परंपरा मोडली ती येथे, आणि ती मोडणारे कैवारीच आज परंपरेच्या नावाने गळा काढतात.

२५/
पहिला आक्षेप : ‘स्टॉकमध्ये बहुतेक फेऱ्या सवलतीने होतात. संथ गाडी आधी सुटते, प्रत्येक जण आपली वेळ आधी जाहीर करतो, त्याहून जलद गेला तर बाद होतो. मग गाडी कोणती याने काय बिघडते?’ आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धे. एकाच पोटवर्गातील दोन गाड्या समोरासमोर आल्या की सवलत संपते, वेळेची मर्यादाही संपते. जो आधी पोहोचला तो जिंकला. पोटवर्गाचे विजेतेपदही असेच ठरते. ज्या क्षणासाठी माणूस वर्षभर इंजिन घासतो, नेमक्या त्याच क्षणी हा फरक त्याच्या छातीवर येऊन बसतो.

२६/
दुसरा आक्षेप : ‘गाडी ठरलेल्या वेळेपेक्षा फारच जलद गेली तर तिच्या खाती आपोआप अश्वशक्ती वाढवली जाते, अन्याय स्वतःच दुरुस्त होतो.’ होतो, पण वरातीमागून घोडे नाचवल्यासारखा. शिवाय रेषेजवळ ब्रेक दाबून खरी वेळ लपवणे हा चालकांचा जुना कसब. पन्नास वर्षे धावलेल्या इंजिनाचे पाणी सगळ्यांनी जोखलेले असते. नव्याकोऱ्या सुपरचार्जरचे पाणी जोखायला हंगाम जातात, आणि त्या हंगामांतले चषक परत करावे लागत नाहीत. येथे दुसरा चोरदरवाजा उघडा राहतो.

२७/
तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : ‘कंपन्यांचा पैसा आला, तरुण प्रेक्षक आले, नाहीतर हा वर्ग म्हाताऱ्यांचा मेळावा झाला असता.’ पैसा आला हे मान्य. पण कोणासाठी? २०१८च्या कोब्रा जेटची किंमत १,३०,००० डॉलर, साध्या मस्टँग जीटीच्या तिपटीहून अधिक, आणि गाड्या फक्त ६८. त्या गाड्या पाहायला तरुण येईल. घ्यायला येणार नाही. आपल्याच गाडीने शर्यतीत उतरता येते, हे आकर्षण ज्या वर्गाचे प्राण होते, त्याला तरुणांच्या नावाने तरुणांपासूनच दूर नेले जाते.

२८/
दुसऱ्या बाजूलाही चार खडे बोल सुनावणे प्राप्त आहे. ‘शुद्ध स्टॉक’चे सोवळे नेसून बसलेल्यांच्या गाड्यांना रुंद शर्यती टायर आहेत, बदललेले एक्झॉस्ट आहेत, कसबी हातांनी पुन्हा बांधलेली इंजिने आहेत, नियमच त्यांना मुभा देतात. त्यांच्यातल्या अनेकांची आराध्यदैवते १९६८-६९च्या त्याच खास गाड्या आहेत. म्हणून या गाड्यांवर संपूर्ण बंदीची हाक दांभिक आहे. नवी कोब्रा जेट ही उत्तम अभियांत्रिकी आहे, तिचा चालक चोर नाही आणि तिला धावायला पट्टा मिळालाच पाहिजे. प्रश्न पट्ट्याचा नाही, पाटीचा आहे.

२९/
वेगळी पाटी लावली की काय होते, याचा पुरावा डोळ्यांसमोर आहे. ‘फॅक्टरी स्टॉक शोडाउन’ या नावाने या गाड्यांची स्वतंत्र झुंज सुरू झाली आणि सवलतीशिवाय समोरासमोर धावताना त्या सात सेकंदांच्या घरात पोहोचल्या. कोब्रा जेट, कोपो आणि ड्रॅग पॅक एकमेकींसमोर उभ्या राहिल्या तेव्हा फोर्ड, शेवरले आणि डॉज यांचे जुने वैर पुन्हा रंगले. कोणाचेही नुकसान झाले नाही. जे शहाणपण पहिल्याच दिवशी सुचायला हवे होते, ते अनेक हंगामांच्या कटुतेनंतर सुचले. आणि ‘स्टॉक’ हा शब्द तेथेही सोडवला नाहीच.

३०/
व्ही-८ चॅलेंजर २०२३च्या अखेरीस बंद झाली आणि कॅमारोचे उत्पादनही त्याच सुमारास थांबले. दुकानातला मालच आटत चालला आहे. अशा वेळी दोन मार्ग उरतात. स्टॉक म्हणजे कंपनीने काढलेली कोणतीही वस्तू, असे म्हणून शब्द पोकळ करायचा. किंवा नियम असा लिहायचा की सामान्य ग्राहकाला जी जुळणी नंबरप्लेटसह विकत मिळाली, तीच स्टॉक, आणि कारखान्याच्या बाकी सर्व करामतींना सन्मानाने वेगळे दार. दुसरा मार्ग नवा नाही. १९६२ साली तो घालून दिलेला आहे.

३१/
इतिहासाचा दाखला देणाऱ्याने इतिहास शेवटपर्यंत वाचावा, एवढीच अपेक्षा. साठच्या दशकाने कारखान्यांच्या चलाखीला कधी मज्जाव केला नाही आणि तिला कधी साधी गाडी असे खोटे नावही दिले नाही. ट्रेलरवर जुनी गाडी चढवून शेकडो मैल येणारा माणूस विजयाची हमी मागत नाही. आपण कोणत्या वर्गात उतरलो आहोत आणि समोर कोण उभे आहे, हे त्या वर्गाच्या नावावरून कळावे, एवढेच तो मागतो. ते देणे कोणत्याही नियमकर्त्याला परवडते.

(धागा समाप्त)